भरलेला ग्लास

नोकरीतली बहुतेक प्रकरणे माझ्या डोक्यातून पुसली गेली आहेत. कागद समोर असल्याशिवाय आरोपीचे गावही सांगता येणार नाही. पण लाखनी भागातल्या एका हॉटेलातला पाण्याचा भरलेला ग्लास मी अजून विसरलो नाही. त्या ग्लासाने मला जेवढे घाबरवले तेवढे कुठल्या हत्याराने घाबरवले नव्हते. यातली माणसे हयात आहेत, म्हणून कोणाचेही नाव लिहीत नाही.

ठाणेदार म्हणून ती माझी शेवटची नेमणूक. निवृत्तीला आठ महिने उरले होते. महामार्गावरचे गाव, त्यामुळे अपघात, ट्रकमधला चोरीचा माल आणि ढाब्यावरची भांडणे हे रोजचेच. अशा गावात एका तरुणाने इटालियन हॉटेल उघडले होते. सहा टेबले, लाल चौकड्यांची मेणकापडे, भिंतीवर हिरवा, पांढरा आणि लाल पट्टा. पुण्यात पाच वर्षे एका हॉटेलच्या भटारखान्यात राबून तो पिझ्झा, पास्ता शिकून आला होता. गावातली वयस्क मंडळी पास्त्याला सरळ शेवया म्हणत आणि व्हाइट सॉसवर मिरचीचा ठेचा मागून घेत. तोही न कुरकुरता देई.

माझे तिथे पहिले जाणे एका तक्रारीमुळे झाले. एका सद्गृहस्थांनी लेखी अर्ज दिला होता की हॉटेलवाल्याने राष्ट्रध्वज उभा रंगवला आहे, रंग चुकवला आहे आणि चक्र तर गायबच केले आहे. मी जाऊन पाहिले, हा इटलीचा झेंडा आहे हे अर्जदाराच्या गळी उतरवले आणि अर्ज निकाली काढला. तेव्हाच स्वयंपाकघराची ती खिडकी पाहिली होती. प्लेट बाहेर सरकवण्यापुरती लहान, कमरेएवढ्या उंचीवर. आतून हिरव्या बांगड्यांचा एक हात येई, प्लेट ठेवी आणि आत जाई. चेहरा दिसत नसे. ती हॉटेलवाल्याची बायको. दोघांचे बिऱ्हाड स्वयंपाकघराच्या मागच्याच खोलीत होते.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. दुपारी चारच्या सुमारास तो तरुण ठाण्यात आला. बसा म्हटले तरी उभाच राहिला. ठाणे अंमलदाराकडे तक्रार लिहून दे म्हटले तर नाही म्हणाला. साहेबांशीच बोलायचे होते.

"साहेब, एक माणूस येऊन राहिला आमच्याइथं. खात नाही, पाणीबी पित नाही. नुसता बसून खिडकीकडं पाहत राहते."

दहा दिवसांत सहा वेळा तो माणूस आला होता. वेळ ठरलेली, दुपारी साडेबाराची. टेबलही ठरलेले, खिडकीसमोरचे. काहीतरी मागवायचा, प्लेटला बोट लावायचा नाही, अर्ध्या तासाने बिल देऊन निघून जायचा. मी म्हटले, बिल देतो, आरडाओरडा करत नाही, मग तुझी अडचण काय? गिऱ्हाइकाने खाल्ले नाही म्हणून गुन्हा दाखल करता येत नाही. मी जरा तिरसट बोललो खरा. ठाण्यात रोज अशी वीस माणसे येतात.

तेव्हा त्याने सगळे सांगितले. त्याचे लग्न दोघांनी पळून जाऊन, नागपूरला नोंदणी करून केलेले होते. जात वेगळी. मुलगी पवनी तालुक्यातल्या आसगावच्या बाजूच्या एका खेड्यातली, धानाची शेती असलेल्या घरातली. लग्नानंतर तिच्या भाऊबंदांचे फोन आले होते, दिसाल तिथे तोडू म्हणून. दोन वर्षे काही झाले नाही. मुलीकडच्या कोणालाही याने कधी समोरासमोर पाहिलेले नव्हते. आणि आता बायकोला सातवा महिना होता. रक्तदाब वाढला होता, डॉक्टरांनी जपायला सांगितले होते, म्हणून त्याने तिला या माणसाबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता.

"मले भेव वाटते जी," तो म्हणाला. "त्याच्या गाडीले लांबसं काही गुंडाळलेलं राहते."

हे ऐकले आणि मी टेबलावरचे कागद बाजूला सारले. त्याचे कारण सांगायला हवे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, दुसऱ्या एका जिल्ह्यात, असेच एक जोडपे ठाण्यात आश्रयाला आले होते. मुलीचा बाप आला, माझ्यासमोर रडला, झाले गेले विसरलो म्हणाला. जावयाच्या घरी जाऊन मांडी घालून पोटभर जेवला. मी स्वतः शेजारी बसलो होतो. मीच मुलीची समजूत काढली की चार दिवस माहेरी जाऊन ये. पंचविसाव्या दिवशी तिचे प्रेत विहिरीतून वर काढले, तेव्हा पंचनाम्याला मी हजर होतो. कागदोपत्री माझी चूक कुठेच नाही. पण तिची समजूत मी काढली होती, हे मला माहीत आहे.

म्हणून या वेळी मी कसलीही जोखीम घेणार नव्हतो. स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि दुसऱ्या दिवशी बारा वाजता साध्या वेशात हॉटेलात जाऊन बसलो. सोबत आमच्या महिला हवालदार होत्या. त्या तुमसरकडच्या, बपेऱ्याजवळच्या एका गावच्या. बावीस वर्षांची नोकरी, बोलणे कमी, नजर पक्की. नवरा-बायको म्हणून बसायचे ठरले होते, तर त्यांनी मेनूकार्ड पाहून मला हळूच विचारले की साहेब, यातलं कमी वासाचं कोणतं? चीजच्या वासाने त्यांना मळमळत होते. मी गार्लिक ब्रेड मागवला. त्यालाही वास होताच.

साडेबाराला तो आला. साठीच्या आसपासचा, उन्हाने काळवंडलेला, अंगात मळका सदरा, डोक्याला दुपट्टा. दाराबाहेर चपला काढून तो अनवाणी आत आला. त्या हॉटेलात चपला कोणीच काढत नसे. ठरलेल्या खुर्चीवर बसला. हॉटेलवाल्याने पाण्याचा ग्लास ठेवला तेव्हा त्यातले पाणी हलत होते. माणसाने पास्ता मागवला. खिडकीतून हिरव्या बांगड्यांचा हात आला, प्लेट ठेवून आत गेला. त्या माणसाची मान पुढे आली, आणि हात आत गेला तरी नजर तिथेच खिळून राहिली.

त्याचे ओठ सुकलेले होते. लांबून उन्हातून आला होता हे स्पष्ट दिसत होते. एकदा त्याने ग्लासाकडे पाहिले, आवंढा गिळला आणि ग्लास दोन बोटांनी दूर सारला. मी तीस वर्षे माणसे पाहत आलो होतो. तहान लागलेला माणूस समोरचे पाणी सारतो, तेव्हा त्याच्या मनात फार घट्ट काहीतरी बसलेले असते. मला वाटले, हा द्वेष आहे. ज्याच्या घरात रक्त सांडायचे त्याच्या घरचे पाणी कसे प्यायचे, असा हिशेब असेल. खिडकीपासून तो माणूस पाच पावलांवर होता आणि मी आठ.

तो उठून बाहेर गेला तसे आम्ही मागोमाग गेलो. मोटारसायकलजवळ त्याला थांबवून ओळख सांगितली आणि दोन पंचांसमोर झडती घेतली. गोणपाटात गुंडाळलेला विळा निघाला. नुकताच धार लावलेला, चांगला हातभर लांबीचा. हॉटेलवाला दारातूनच पाहत होता, तो तिथेच पायरीवर बसला.

ठाण्यात आणल्यावर आधी त्याला बाकावर बसवले. चौकशीचा माझा एक नियम होता, की माणसाला आधी पाणी द्यायचे. त्यातून तो किती घाबरला आहे ते कळते. हवालदार बाईंनी तांब्या दिला. त्याने तो वरून, तोंड न लावता, एका दमात रिकामा केला. दुसरा मागितला. तोही संपवला. मग चहा प्यायला. माझ्या लक्षात आले ते एवढेच, की हा तिथे पाणी पीत नाही आणि इथे पितो.

नाव, गाव त्याने न लपवता सांगितले. मी त्या गावच्या पोलीस पाटलाला फोन लावला. पाटील म्हणाला, माणूस सरळ आहे, कधी भांडणतंटा नाही. पण त्याची पोरगी पळाली तेव्हा घर फार बिथरले होते. भावकीने जमून तिच्या नावाने आंघोळ केली, तिला मेली म्हणून टाकले. पहिला तांब्या या बापाच्याच डोक्यावर ओतला होता. मी फोन ठेवला. म्हणजे समोर बसलेला माणूस मुलीचा बापच होता, मुलीला मेलेली ठरवून दोन वर्षे झाली होती आणि त्याच्या गाडीला धारदार विळा होता. यापुढे आणखी काय हवे?

मी दार लोटून घेतले आणि आवाज चढवला. विळा कशाला, हे पहिले विचारले.

"धान कापून राहिलो साहेब. घरून धानाच्या बांधीत चाललो म्हणून निघतो. विळा नाही घेतला तर भाऊबंद विचारतील, कुठं चालला. इथं येतो हे कोणालेच माहीत नाही."

कापणीचे दिवस होते, त्यामुळे बोलणे पटण्यासारखे होते. पण पटण्यासारखे बोलणाऱ्यांनीच मला आयुष्यात फसवले आहे. मी विचारले, बोलायचे होते तर सरळ जाऊन मुलीशी का बोलला नाहीस? तो म्हणाला, कोणत्या तोंडानं बोलू? मी दोन तास त्याला तेच ते प्रश्न फिरवून फिरवून विचारले. तिथे कशाला बसतोस? खिडकीत काय पाहतोस? कोणी पाठवले? तो फक्त म्हणे, हात पाहतो जी, तिचा हात दिसते. शेवटी मी वैतागून म्हटले, एवढी माया आहे तर तिने रांधलेले खात का नाहीस? विष घालील अशी भीती वाटते का? साधे पाणीसुद्धा का पीत नाहीस?

त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी विचारू नये ते विचारले.

"कसा पिऊ साहेब? अजून लेकरू नाही झालं तिले."

मला काही कळले नाही. म्हणजे ऐकले, पण उमगले नाही. दाराशी उभ्या असलेल्या हवालदार बाई मात्र पुढे आल्या. त्यांना मी वीस महिन्यांत कधी मधे बोलताना पाहिले नव्हते. त्या दिवशी त्या बोलल्या.

"साहेब, लेकीले मूल होईपर्यंत आम्ही तिच्या घरचं पाणी पित नाही. माह्या बापानं चार वर्षं नाही पिलं. पण मेलेल्या लेकीच्या घरचं पथ्य कोणी पाळते का?"

ही रीत मला ठाऊक नव्हती असे नाही. माझ्या वडिलांनीही माझ्या थोरल्या बहिणीकडे ती पाळली होती. पण सहा टेबलांचे पिझ्झ्याचे हॉटेल म्हणजे कोणाचे तरी सासर, हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. त्या माणसाला मात्र ते पहिल्या दिवसापासून दिसत होते. म्हणून तो चपला बाहेर काढत होता. मागवल्याशिवाय बसणे बरे नाही म्हणून मागवत होता, आणि खाणे बरे नाही म्हणून तसाच उठत होता. मला एकदम तो दुसरा बाप आठवला, जो जावयाच्या घरी पोटभर जेवला होता. त्याचेही गाव ही रीत मानणारे होते. लेकीला मूल नसताना तो जेवला होता, आणि डोळ्यांसमोर घडूनही मला त्याचा अर्थ दिसला नव्हता.

तरी भीती गेली नाही. खरे सांगायचे तर वाढली. या वेळीही मी एका बापाच्या शब्दावर विश्वास ठेवायला निघालो होतो. एका रीतीवर कोणाच्या जिवाचा भरवसा कसा ठेवायचा? विळा मी ठाण्यात ठेवून घेतला, त्याचा जबाब लिहिला, मी निरोप देईपर्यंत तिकडे फिरकायचे नाही असे बजावून त्याला सोडले. जाताना त्याने मला एकच विचारले, तिची तब्येत बरी आहे ना.

नवऱ्याला विश्वासात घेऊन मग आम्ही मुलीलाच सांगायचे ठरवले. जीव तिचा होता, आणि मुलीसाठी आपणच ठरवण्याचे पाप मी एकदा केले होते. दुपारी हॉटेल बंद झाल्यावर हवालदार बाई आणि मी मागच्या खोलीत गेलो. तेव्हा मी तिचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. बावीस-तेवीसची पोर, पाय सुजलेले, कपाळावर घाम. मी हळूहळू सांगितले की तुझे वडील हॉटेलात येत होते. तिने दोन्ही हात पोटावर घेतले आणि दाराकडे पाहिले. नवरा पाणी घेऊन धावला. किती वेळा आले, कुठे बसले, सोबत कोण होते, असे तिने एकामागून एक विचारले. मी उत्तरे देत होतो. विळ्याचेही लपवले नाही. पाण्याचा विषय मी मुद्दाम काढला नव्हता. तिच्या मनात काहीही भरवायचे नाही, असे ठरवूनच गेलो होतो.

मग माझ्याकडे न पाहता तिने विचारले, "बाबानं पाणी पिलं का?"

मी म्हटले, नाही. सात वेळा आले, एक घोटही नाही.

ती रडायला लागली. हवालदार बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. रडता रडता ती नवऱ्याला म्हणाली, "बाबानं आपलं घर मानलं." इतक्या वर्षांच्या नोकरीत याहून पक्का पुरावा माझ्यासमोर कोणी ठेवला नाही. न्यायालयात तो टिकला नसता, ही गोष्ट वेगळी.

भेटायला मात्र ती लगेच तयार झाली नाही. तिलाही भीती होती, भावकीची आणि थोडी बापाचीही. तिने निरोप दिला की येऊ दे, पहिल्यासारखे बसू दे. तो पुन्हा येऊ लागला, विळ्याशिवाय. घरी काय सांगत होता ते मी विचारले नाही. बीट अंमलदाराला मी त्या वेळेत हॉटेलासमोर हजर राहायला सांगितले होते. तो मला येऊन सांगे की साहेब, आता तो हात प्लेट ठेवून लगेच आत जात नाही, थोडा वेळ खिडकीतच राहतो. म्हातारा पाहत बसतो. दोघे बोलत नाहीत. हे असे दीड महिना चालले.

जानेवारीत तिला मुलगी झाली. जिल्ह्याच्या ठिकाणी, सुखरूप. तेरा-चौदा दिवसांनी हॉटेलवाल्याचा फोन आला की उद्या तिच्या बाबाले बोलावलं आहे, साहेब, तुम्ही बसाल का? मी हो म्हटले. रात्री झोप लागली नाही. विहिरीवरचा तो पंचनामा सारखा समोर येत होता.

साडेबाराला म्हातारा आला. हातात कापडात बांधलेले मोठे गाठोडे होते. मी दारातच उठून उभा राहिलो आणि गाठोडे सोडायला सांगितले. जावयासमोर, चार गिऱ्हाइकांसमोर सांगितले. त्याने मुकाट्याने गाठ सोडली. जुन्या लुगड्यांची लहान गोधडी निघाली. "तिच्या मायनं शिवली," तो म्हणाला. मला लाज वाटली. पण पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा सोडायला लावीन.

तो त्याच खुर्चीवर बसला. मी शेजारच्या टेबलावर, दाराकडे तोंड करून. समोर पिझ्झा होता, त्याला मी हात लावला नाही. या वेळी ती स्वतः बाहेर आली. डोक्यावरून पदर, एका हातावर दुपट्यात गुंडाळलेले बाळ, दुसऱ्या हातात पाण्याचा ग्लास. ग्लास तिने टेबलावर ठेवला आणि दोन पावले मागे सरून उभी राहिली. नवरा तिच्या पुढे येऊन थांबला. म्हाताऱ्याने आधी बाळाकडे पाहिले, मग ग्लासाकडे. त्या दिवशी त्या हॉटेलात घाबरलेले नव्हते असे फक्त ते बाळ.

त्याने ग्लास उचलला. हातून थोडे पाणी सदऱ्यावर सांडले, बाकीचे त्याने शेवटच्या थेंबापर्यंत संपवले. रिकामा ग्लास खाली ठेवला आणि तिच्याकडे सरकवला.

"अजून एक दे, बाई."

मी उठून बाहेर आलो. पायरीवर बसून डोळे पुसले. वर्दी अंगावर नव्हती ते बरे झाले.

या प्रकरणात गुन्हा दाखल झाला नाही. स्टेशन डायरीत चौकशीअंती आक्षेपार्ह काही आढळले नाही, अशी एका ओळीची नोंद आहे. मी शिकलो ते एवढेच, की माणूस काय करतो याच्याइतकेच तो काय करायचे टाळतो हेही पाहावे, आणि त्याचा अर्थ आपण लावण्याआधी त्याच्या घरच्या माणसाला विचारावे. हे मला तीस वर्षे आधी कळायला हवे होते. कळले असते तर एक मुलगी कदाचित आज पन्नाशी गाठून कुठेतरी संसारात असती. ती टोचणी माझ्याबरोबरच जाईल.

निवृत्तीनंतर वर्षातून एकदोनदा त्या बाजूला जाणे होते. म्हातारा कधी कधी भेटतो. नात त्याच्या मांडीवर असते आणि पिझ्झ्याला तो नावे ठेवत असतो, याहून आमची भाकर बरी म्हणतो. पण खुर्चीवर बसल्याबरोबर आधी पाणी मागतो.